सनई आणि सूर : सातारा-सांगलीकडील एका जोडवादनाचा विचार

सनईविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्यात सनई हे एकट्याने वाजविण्याचे वाद्य आहे, हे बहुधा गृहीत धरलेले असते. वादकाचे नाव घेतले जाते ते एकाचे. वाखाणणी होते ती एकाच्या बोटांची आणि दमसासाची. सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांतील देवळांच्या नगारखान्यांत, लग्नमंडपाच्या दाराशी किंवा पालीच्या खंडोबाच्या पौषी यात्रेसारख्या उत्सवांत जे कानी पडते त्याला हे गृहीत लागू पडत नाही. तेथे नगाऱ्याचा किंवा संबळाचा माणूस वगळूनही फुंकणारी माणसे निदान दोन असतात. एकाच्या हातातील नळीला बोटांची भोके असतात. दुसऱ्याच्या नळीला ती नसतात, किंवा असली तर मेणाने बुजविलेली असतात. पहिलीस सनई म्हणतात. दुसरीस नुसते ‘सूर’. सूर धरणारा आरंभापासून अखेरपर्यंत एकच षड्ज फुंकत राहतो. रचना नाही, तान नाही, बोटांचे काम नाही. म्हणून श्रोता त्याच्याकडे पाहत नाही, आणि अभ्यासकाने त्याला ‘साथीदार’ ह्या सदरात ढकलले की प्रश्न मिटला असे समजले जाते. हे सदर चुकीचे आहे. सनई व सूर ह्यांचे मिळून एक वाद्य होते आणि त्याचे निम्मे वादन सूर धरणाऱ्याचे असते, असे मानल्याखेरीज ह्या संगीताचे परीक्षण नीट होऊ शकत नाही.

प्रथम वाद्याची घडण पाहिली पाहिजे. सनई ही तोंडाकडे निमुळती व खाली रुंद होत जाणारी लाकडी नळी. खालच्या टोकास पसरट तोंड, ते पुष्कळदा पितळेचे. वरच्या टोकास दुहेरी पत्ती, जिला संगीतविषयक ग्रंथांत जिव्हाळी म्हटलेले आढळते. सुट्या पत्त्या आणि त्या साफ करण्याची सुई दोऱ्याने वाद्यालाच लोंबत ठेवलेली असते. सूराची घडण हीच. लाकूड तेच, पत्ती तीच, निमुळतेपण तेच. ह्या सारखेपणाला फार महत्त्व आहे. शंकूच्या आकाराच्या नळीतून निघणाऱ्या नादात मूळ स्वराबरोबर त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सर्व उपस्वर जोरकस असतात. सूराचा षड्ज सेकंदाला ३०० आंदोलनांचा आहे असे धरले, तर त्याचा तिसरा उपस्वर ९०० चा होतो. सनईवरचा पंचम बरोबर ४५० चा असेल तर त्याचा दुसरा उपस्वरही ९०० चाच, आणि दोन्ही नाद एकमेकांत मुरतात. पंचम ४५१ वर गेला तर ९०० आणि ९०२ ह्यांची टक्कर होऊन सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. हे हेलकावे तंबोऱ्याच्या मृदू झंकारात एक वेळ खपून जातील. दुहेरी पत्तीच्या धारदार नादात ते लपत नाहीत. वाजंत्र्याला सप्तकाचे गणित ठाऊक नसेल, परंतु सूर चालू असताना बेसूर पंचम त्याच्या दातांना जाणवतो. सनईवाल्याचा स्वर शुद्ध लागतो ह्याचे श्रेय त्याच्या कानाला दिले जाते. ते खरेच आहे. मात्र त्या कानाला क्षणोक्षणी माप पुरविणारा शेजारी बसलेला असतो.

सूर धरणे सोपे आहे, पोरसवदा मुलगाही ते करतो, असा एक आक्षेप येथे संभवतो. पोर ते करते हे खरे. सोपे आहे हे खरे नव्हे. सूर अखंड हवा, म्हणजे गालांत हवा साठवून, ती ओठांनी बाहेर दाबीत असतानाच नाकाने श्वास आत घ्यावयाचा. श्वास घेतानाच्या त्या एका निमिषात पत्तीवरचा दाब कमी झाला की स्वर उतरतो. दाब राखला तरी अडचणी संपत नाहीत. लाळेने पत्ती भिजून मऊ होत जाते. श्वासाच्या उबेने नळीतील हवा तापते आणि नाद हळूहळू चढतो. मार्गशीर्षातील पहाटे म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथोत्सवासारख्या प्रसंगी गार पडलेल्या नळ्या घेऊन बसणाऱ्यांना, आणि वैशाखाच्या दुपारी मांडवात फुंकणाऱ्यांना, हा चढ वेगवेगळ्या प्रमाणात भोगावा लागतो. परंतु तो भोगतात दोघे एकत्र. त्याच हवेत, त्याच लाकडात, तशाच पत्तीतून दोन्ही नाद सारखेच वर सरकतात, आणि म्हणून त्यांचे एकमेकांशी नाते बिघडत नाही. षड्ज कोठे आहे हे स्थिर नसते. दोघांमधील अंतरे तेवढी स्थिर असतात. सनईवाला तारसप्तकात शिरला की जाणता सूरवाला फुंक किंचित हलकी करतो. सनई ओठांवरून खाली आली की तीच फुंक भरदार होते. हे कोणी शिकविलेले नियम म्हणून सांगत नाही. ऐकणाऱ्यास मात्र ते चांगल्या जोडीत स्पष्ट ऐकू येतात आणि वाईट जोडीत त्यांचा अभावही तितकाच स्पष्ट ऐकू येतो.

ह्या जोडीचे खरे वैशिष्ट्य उमगण्यासाठी जरा दूरच्या एका कुळाशी तिची तुलना उपयोगी पडते. यूरोपच्या पश्चिम कडेला स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स आणि फ्रान्समधील ब्रिटनी ह्या प्रदेशांत केल्टिक म्हटल्या जाणाऱ्या भाषांची आणि संगीताची परंपरा आहे. त्यांपैकी स्कॉटलंडचा बॅगपाइप भारतीयांच्या परिचयाचा. त्याची स्वरनळी सनईप्रमाणेच निमुळती आणि दुहेरी पत्तीची. तिच्यातून नऊ स्वर निघतात. काखेत चामड्याची, हल्ली कृत्रिम कापडाचीही, पिशवी असते. तीत वादक तोंडाने हवा भरतो आणि कोपराने दाबतो. पिशवीला आणखी तीन नळ्या जोडलेल्या असून त्या केवळ षड्ज देतात : दोन स्वरनळीच्या षड्जाखाली एक सप्तक, तिसरी दोन सप्तके. म्हणजे सनईवाल्याचे गाल येथे पिशवी झाले आहेत आणि सूर धरणारा माणूस तीन लाकडी नळ्या होऊन वादकाच्या खांद्यावर चढून बसला आहे. एका माणसात दोघांचे काम सामावले. सोय मोठी झाली; चालत, डोंगर चढत, पलटणीच्या पुढे राहून वाजविता येऊ लागले. पण त्या सोयीची किंमतही पडली. पिशवीतील हवा थांबत नाही म्हणून स्वरनळीचा नाद वाजविता वाजविता तोडता येत नाही. एकच स्वर दोनदा हवा असेल तर दोहोंमध्ये दुसऱ्या एखाद्या स्वराची पुसटशी टिचकी मारावी लागते. स्कॉटिश पाइपच्या वादनातील तो प्रसिद्ध कणस्वरांचा जाळीदार अलंकार सौंदर्यासाठी जितका आहे तितकाच ह्या अडचणीतून जन्मलेला आहे. जोराचे चढउतारही त्यात करता येत नाहीत. आयर्लंडमधील पाइप भात्याने वाजविला जातो आणि त्याची स्वरनळी गुडघ्यावर टेकवून क्षणभर बंद करता येते. तेवढ्यापुरती ह्या बंधनातून त्याने सुटका करून घेतली. सनईवाल्याची पत्ती तर थेट त्याच्या ओठांत असते. जिभेने स्वर तोडणे, ओठ सैल करून मींड ओढणे, फुंक मारून ती मागे घेणे हे सारे त्याला साध्य आहे. आणि हे सारे त्याला बिनधास्त करता येते, कारण अखंडतेची जबाबदारी त्याने दुसऱ्या माणसावर सोपविली आहे.

ब्रिटनीतील प्रकार ह्याहून अधिक बोधक आहे. तेथे परंपरेने लग्नांत आणि गावच्या धार्मिक जत्रांत दोघांची जोडी वाजवीत आली. एकाकडे बोंबार्ड नावाचे आखूड, दुहेरी पत्तीचे, सनईच्याच कुळातील वाद्य. दुसऱ्याकडे बिनिऊ नावाचा लहान बॅगपाइप, ज्याची स्वरनळी बोंबार्डच्या एक सप्तक वर बोलते आणि ज्याला एकच षड्जनळी असते. बोंबार्डला फुंक इतकी जबर लागते की वादकास वारंवार थांबावे लागते. म्हणून चालीची एक ओळ दोघे मिळून वाजवितात, पुढची बिनिऊ एकटा वाजवितो, तोवर पहिला दम घेतो. वरातीच्या पुढे चालणारी ही जोडी पाहिल्यास सांगलीकडच्या वाचकाला ती अनोळखी वाटणार नाही. तरीही दोहोंतील फरक निर्णायक आहे. तेथे विश्रांतीच्या काळात चाल पुढे चालू राहते. येथे विश्रांतीच्या काळात चाल थांबते आणि षड्ज राहतो. ब्रिटनीच्या जोडीत रिकामी जागा नाही; सनई-सूराच्या जोडीत रिकामी जागा हाच वादनाचा एक अवयव आहे. आलापीतील दोन वाक्यांमध्ये सनई थांबते, तेव्हा ऐकणाऱ्यापुढे नुसता सूर उरतो, आणि पुढचे वाक्य त्या उरलेल्या सुरातून वर येते. रागसंगीताला हीच मांडणी मानवते. ब्रिटनीचे संगीत नाचाचे. त्याला पावलाखालची जमीन सुटून चालत नाही.

आणखी एक गोष्ट तेथील इतिहासातून घेण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ॲकॉर्डियन आणि शहरी नाच ह्यांच्यापुढे ही जोडी मागे पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व नंतर ब्रिटनीतील वादकांनी संघटना उभारून तिचे पुनरुज्जीवन केले. त्याच काळात स्कॉटलंडचा मोठा पाइप तिकडे आला, त्याची पथके निघाली, आणि जुन्या लहान बिनिऊला आपल्या घरातच पाहुण्याशी जागा वाटून घ्यावी लागली. तथापि जोडीच्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि त्या स्पर्धांत दोघांचीही नावे घेतली जातात. जोडी म्हणजे दोन नावे, हा तेथील संकेत झाला.

स्कॉटिश पाइपशी महाराष्ट्राचा संबंध पुस्तकी नाही. १८०३ साली असईच्या लढाईत मराठ्यांसमोर उभ्या असलेल्या वेलस्लीच्या फौजेत ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणी होत्या. पुढे हिंदी पायदळाने हे वाद्य उचलले आणि स्वातंत्र्यानंतरही ते ठेवले. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे घरोघरच्या सैनिकांमुळे ‘मिलिटरी’ हे उपपद लावूनच ओळखले जाते. अशा गावांतल्या निवृत्त सैनिकाच्या कानाला पाइपचा नाद परका नसतो. गढवाल-कुमाऊँत मशकबीन ह्या नावाने तोच पाइप लग्नात शिरला आणि तेथला झाला. सातारा-सांगलीकडे तसे झाले नाही. येथे वरातीत शिरली ती पितळी बँडची क्लॅरिनेट. पिशवीचे वाद्य येथे का रुजले नाही, ह्याचे एक कारण असे असू शकेल की त्याची गरज भागविणारी दोन माणसे आधीपासूनच दाराशी बसली होती.

षड्ज आणि त्याच्याशी इतर स्वरांची नाती हा विषय ह्याच दोन गावी एकदा मोठ्या शास्त्रीय आवेशाने हाताळला गेला, हे येथे आठवले पाहिजे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० साली हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती ह्यांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स ह्यांनी देवलांच्या कार्याने प्रभावित होऊन १९१३ मध्ये भारतीय संगीताच्या अभ्यासाची प्रस्तावना लिहिली. तारेची लांबी मोजून, गायकाचा कंठ तपासून श्रुतींची गुणोत्तरे ठरवावयाची, आणि ती एका खास बनविलेल्या श्रुति-हार्मोनियममध्ये पक्की करावयाची, असा हा उद्योग होता. पुढे मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ ह्यांचे गाणे देवलांच्या प्रयोगांना आधार म्हणून लाभले. १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा हार्मोनियम विद्वान व गवई ह्यांच्यासमोर आला तेव्हा त्याला मान्यता मिळाली नाही.

देवल व क्लेमेंट्स ह्यांच्या परिश्रमांचा उपहास करण्याचे कारण नाही. साध्या हार्मोनियमचा गांधार किती खोटा आहे हे त्यांनी नेमके ओळखले होते. षड्ज ३०० धरल्यास शुद्ध गांधार ३७५ चा. बारा समान भागांत वाटलेल्या पट्टीचा गांधार सुमारे ३७८ चा. कागदावर तीनाचा फरक क्षुल्लक वाटेल, पण षड्जाचा पाचवा आणि गांधाराचा चौथा उपस्वर एकत्र ऐकले की सेकंदाला सुमारे बारा हेलकावे उठतात. आणि सूराशेजारी असा गांधार सनईतून निघाला तर तो चाकूसारखा लागेल. देवल-क्लेमेंट्स ह्यांचे निदान बरोबर होते. उपाय चुकला. त्यांनी श्रुती ही वस्तू आहे असे मानले. ती मोजता येते, म्हणून पट्टीखाली खिळवून ठेवता येते, असा त्यांचा विश्वास होता. सनई आणि सूर ह्यांच्याकडे लक्ष दिले असता दुसरेच दिसते. श्रुती सनईत नसते आणि सूरातही नसते. दोन चालत्या श्वासांमधील ते अंतर आहे, आणि ते दर क्षणी नव्याने राखावे लागते. न्यायाधीशांच्या बंगल्यापासून एखाद्या देवळाचा नगारखाना फार दूर नसावा. तारेवर जे माप घेतले जात होते ते तेथे रोज पहाटे दोन माणसे, एकही गुणोत्तर न मांडता, फुंकीने घेत होती. शास्त्राने गवयाला प्रयोगशाळेत बोलाविले आणि वाजंत्र्याला बोलाविले नाही, ह्यात त्या काळच्या प्रतिष्ठेचा भाग किती आणि पद्धतीचा किती, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय होईल.

सूर केवळ माप पुरवितो असेही नव्हे. काय वाजवावे आणि काय वाजवू नये हे तो पुष्कळसे ठरवितो. भूपाळी, अभंगांच्या चाली, नाट्यपदे, लावणी ह्यांची सनईवर जी निवड होते ती षड्जावर उभी राहणारी असते. बोलपटातील गाणी वरातीत वाजू लागली तेव्हा अडचण उभी राहिली. त्यांपैकी अनेकांच्या रचनेत पाश्चात्य स्वरसंघांची ये-जा असते. चालीचा पाया मधेच षड्जावरून उठून दुसरीकडे बसतो. सूर मात्र उठत नाही. म्हणून जाणता वाजंत्री अशा गाण्याचे मुखडे घेतो, पाया सरकणारा अंतरा टाकतो, किंवा त्यातील अडणारा स्वर गाळून तेथे आपली एखादी मुरकी बसवितो. ह्याला अज्ञान म्हणणारे आहेत. ते संपादन आहे. निर्बुद्ध जोडी गाणे जसेच्या तसे वाजविते आणि तेव्हा सूर खाली भुंकतो. चांगली जोडी गाण्याला सूरापुढे उभे करते आणि जेवढे टिकेल तेवढेच ठेवते. क्लॅरिनेटने बँडमध्ये हे बंधन झुगारून दिले. तिच्यामागे एकच षड्ज नाही, पितळी वाद्यांचा बदलता घोळका आहे. तिला सर्व गाणी वाजविता आली, आणि एकही गाणे बदलावे लागले नाही. नळी दंडगोलासारखी असल्याने तिच्या खालच्या सप्तकात सम उपस्वर दुबळे असतात. नाद गोड, पोकळ, सूराशी झगडण्यास अनिच्छुक. वरातीस ती पुरते. परीक्षणास ती फारसा विषय देत नाही.

जोडीचे जे मोल येथे मांडले त्याच्या उलट दिशेने विसाव्या शतकातील प्रसारसाधने गेली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांवर सनईवादकाचे नाव छापून पुढे ‘आणि पार्टी’ असे जोडण्याची रीत होती. पुण्याचे शंकरराव गायकवाड ह्यांच्यासारख्या नामवंताच्या मागे त्या दोन शब्दांत किती जण गडप झाले असतील ते तबकडी सांगत नाही. बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) ह्यांनी सनईला दारातून मंचावर आणले, ही ह्या वाद्याच्या इतिहासातील फार मोठी घटना होय, आणि त्यांच्याभोवती सूर धरणारे बसलेले छायाचित्रांतही दिसतात. पण मंचाची रचनाच अशी की मध्यभागी एक आसन असते. आकाशवाणीच्या सकाळच्या मंगलध्वनीने सनई घरोघर पोहोचविली. सांगलीचे केंद्र १९६३ पासून सुरू झाले. ध्वनिक्षेपकासमोर सूर मागे सरकवावा लागतो, नाही तर तो सनईला झाकून टाकील. अशा रीतीने पिढीच्या पिढी सनई ऐकत मोठी झाली ती सूर दबलेला ऐकत. दक्षिणेतील नागस्वराच्या जोडीला असलेल्या ओत्तूचे भवितव्य ह्याहून निराळे नाही. तेथेही त्याची जागा बहुतेक ठिकाणी श्रुतिपेटीने घेतली.

तीच पेटी आता इकडेही आहे. विजेवर चालणारी, हाताच्या पंजाएवढी, न थकणारी, बिदागीत वाटा न मागणारी. दोन माणसांच्या प्रवासखर्चाचा विचार केला तर तिचा स्वीकार समजण्यासारखा आहे. परंतु वर सांगितलेला नळी तापण्याचा मुद्दा येथे आडवा येतो. पेटी तापत नाही. सनई चढते, पेटी जागच्या जागी राहते, आणि अर्ध्या तासात सनईवाल्याला पत्ती ओढून, ओठ सैल करून पेटीच्या खाली यावे लागते. पूर्वी दोघे एकमेकांकडे पाहत. आता एकाने दुसऱ्याची चाकरी करावयाची. ह्याहूनही गंभीर हानी दुसरी आहे, आणि तिचा उच्चार क्वचितच होतो. सनईवाल्याचा मुलगा किंवा पुतण्या पहिली काही वर्षे सूरच धरतो. त्यातच त्याला अखंड श्वास साधतो. कान शुद्ध अंतरांना सरावतो. कोणत्या प्रसंगी काय वाजवावे, मंगलाष्टके संपण्याच्या किती आधी नळी ओठांशी न्यावी, हे त्याला न सांगता कळते. मिरजेच्या तंबोऱ्यामागे बसणाऱ्या शिष्याची आणि त्याची अवस्था एकच. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील कारागिरांनी मिरजेत तंबोऱ्याची आणि सतारीची घडण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जोपासली. २०२४ साली त्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन लाकूड, भोपळा आणि हात ह्यांना मिळते. तंबोऱ्यामागच्या बैठकीला किंवा सूरामागच्या वर्षांना ते देता येत नाही. सूराची जागा पेटीने घेतली म्हणजे एक नाद बदलला एवढेच होत नाही. त्या घरातील शाळा बंद होते.

ह्या हळहळीला मात्र एक मर्यादा घालून घेतलीच पाहिजे. ही विद्या कोणाच्या घरी होती? देवळात ती गुरवाकडे. मांडवात आणि मिरवणुकीत बहुधा होलार किंवा मातंग वाजंत्र्यांकडे. ज्यांच्या वाद्यावाचून लग्न लागत नसे त्यांनाच मांडवाबाहेर बसविले जाई, पंगत उठल्यावर वाढले जाई. सूर धरणारा मुलगा शाळेत असावयाच्या वयात नगाऱ्याच्या कडेला बसलेला असे. त्याच्या बापाने त्याला तेथून उठवून शाळेत, पुढे पलटणीत किंवा कारखान्यात पाठविले, गावकीचे वाजविणे सोडले, तर संगीताच्या नावाने त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. परंपरा टिकावी ही इच्छा ज्यांना ती टिकविण्याची किंमत कधी द्यावी लागली नाही अशांच्या तोंडी फार सहज येते. म्हणून येथील प्रश्न ‘मुलाने सूर का धरला नाही’ असा मांडणे गैर आहे. सूर धरणाऱ्याला नाव, वाटा आणि बसण्याची जागा कधी मिळाली, असा तो मांडला पाहिजे. ब्रिटनीत जोडी पुन्हा उभी राहिली तेव्हा बिनिऊवाल्याचे नाव बोंबार्डवाल्याच्या शेजारी आले. येथे सनईवाल्याला ‘पंडित’ किंवा ‘उस्ताद’ ही उपाधी मिळण्यापर्यंत मजल गेली. सूर धरणाऱ्याला अद्याप पेशाचे धड नावही नाही.

कला म्हणून ह्या जोडीचे मूल्यमापन करताना सर्वच जोड्या उत्तम असतात असे मानण्याचे कारण नाही. लग्नसराईत घाईने जमविलेल्या जोड्यांचे वादन पुष्कळदा कंटाळवाणे असते : सूर चढा, पत्ती ओली, सनईवाल्याला ठरावीक चार चाली. हलगी, घुमके आणि कैताळ ह्यांच्या कल्लोळात कुस्तीच्या फडावर सनई वाजते तेव्हा सूर ऐकू येणे अशक्यच. तेथे तो केवळ रीत म्हणून असतो आणि नसला तरी बिघडत नाही. जोडीचा कस लागतो तो संथ वादनात, पहाटेच्या भूपाळीत किंवा भैरवाच्या आलापीत, जेथे गर्दी नसते आणि ऐकणारे बहुधा झाडलोट करणारे दोघेतिघेच असतात. त्या वेळी आधी सूर लागतो. काही क्षण नुसता तोच. सनईवाला पत्ती ओठांत भिजवीत, सुईने साफ करीत थांबलेला असतो. तो घाई करीत नाही, कारण वादन सुरू झालेले आहे.

ह्या भागातील वादनाचे ध्वनिमुद्रण करू इच्छिणाऱ्या संशोधकाने दोन ध्वनिग्राहक वापरावेत, त्यांपैकी एक सूराच्या तोंडाशी ठेवावा. आरंभी षड्जाची आंदोलनसंख्या मोजून ठेवावी व दर दहा मिनिटांनी पुन्हा मोजावी. दोन्ही नळ्यांची लांबी, भोके, मेण आणि पत्तीचा प्रकार टिपावा. सूर कोणत्या वयापासून धरला, कोणाशेजारी बसून धरला, हे विचारावे. आणि बिदागीची वाटणी कशी होते हेही विचारावे. नोंदीच्या शीर्षस्थानी दोन्ही नावे, वादकांची संमती घेऊन, एकाच ओळीत लिहावीत.